डाव्या भुवईवरची रेघ

पहिल्या दिवशी एवेलिओ मास्तरांनी चित्रकलेच्या वर्गाच्या मधोमध एक साधी लाकडी खुर्ची ठेवली आणि म्हणाले, "काढा."

आम्ही नऊ जण होतो, सगळे पन्नाशीच्या पुढचे. सर्वांत मोठे नेस्तोरकाका, वय एकोणऐंशी, जन्मभर बस चालवलेले. सांतियागोच्या देवळामागच्या जुन्या घरातली ही खोली. छत उंच, भिंतीत झोपायच्या झोळ्या टांगायचे लोखंडी हुक, आणि वरचा पंखा प्रत्येक फेरीला एकाच जागी टक् करणारा. मे महिना, दुपारचे चार. आमच्या मेरिदा शहरात या वेळी कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत. कोळशाची कांडी घामानं बोटांना चिकटत होती. वीस मिनिटांनी मास्तर माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"एल्सीबाई, खुर्चीला पाय किती?"

"चार."

"तुमच्या जागेवरून दिसतात किती?"

मी पाहिलं. तीन. चौथा पुढच्या पायाआड पुरता झाकला गेला होता. तरी मी चारही काढले होते. नेस्तोरकाकांच्या खुर्चीला तर पाच होते. त्यांचं गणित मला अजून कळलेलं नाही.

"जे माहीत आहे ते काढायचं नाही," मास्तर म्हणाले. "दिसतं तेवढंच काढायचं. इथे एवढं एकच शिकायचंय, बाकी सगळी हाताची सवय."

त्यांनी पाव तोडला, आतला मऊ गर बोटांत मळून गोळी केली आणि माझा चौथा पाय कागदावरून टिपून घेतला. कोळसा खोडायला ते पावच वापरत, रबरानं कागद सोलला जातो म्हणत. पाय गेला, गोळी काळी झाली. मला हे फार आवडलं. पस्तीस वर्षं मी औषधाच्या दुकानात काढली. तराजू जेवढं दाखवेल तेवढंच वहीत मांडायचं, ही माझी शिस्त.

मला या वर्गात ओढून आणलं विल्मानं. "घरात बसून लोणचं होईल तुझं," ती म्हणाली होती. "मंगळवार आणि गुरुवार, दोनच तास. आई त्या वेळी झोपलेलीच असते." विल्मा माझी पहिलीपासूनची मैत्रीण. तिची आई तिच्या जन्माच्या वेळीच गेली. मावशीनं वाढवलं असं म्हणायचं, पण वाढली ती आमच्या घरी. सोमवारी काळ्या राजम्यात डुकराचं मांस शिजलं की आई न विचारता तिचं ताट मांडायची. पुढे तिचं लग्न झालं, नवरा गेला, मूल झालं नाही. सोमवारचं ताट मात्र चालूच राहिलं.

आई आता अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. काचबिंदूनं डोळे गेले. कानाशी ओरडलं तर शब्द कळतात, पण ओरडणारं कोण ते कळत नाही. तिला मी ओळखू येते ती अंगठ्यानं. सहा वर्षांची असताना झोळीत झोके घेताना मी भिंतीतल्या हुकावर आपटले आणि डावी भुवई मधोमध फाटली. झोका आईनंच दिला होता. जखम भरली, पण भुवईत एक तिरकी, बिनकेसांची रेघ राहून गेली. रोज संध्याकाळी मी तिच्या झोळीवर वाकायची, ती त्या रेघेवरून अंगठा फिरवायची आणि म्हणायची, "एल्सी. माफ कर हं बाळ." मग जेवायची. दुसऱ्या कुणाच्या हातचा घास ती घेत नाही. दोनदा बाई ठेवून पाहिली, दोन्ही वेळा आई तोंड घट्ट मिटून बसली. ती रेघ आहे म्हणून मी तिची मुलगी आहे, हे मला ठाऊक होतं. विल्मालाही होतं.

चौथ्या आठवड्यात हात काढायचा होता. जोडीनं समोरासमोर बसायचं आणि एकमेकांचा हात काढायचा. विल्माचं चित्र बघवत नव्हतं. पण माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुकानातल्या आम्लानं भाजल्याचा जुना डाग होता. तो तिनं असा काढला की मास्तर थबकले.

"विल्माबाई, बाकी हात म्हणजे केळ्यांचा घड आहे. पण हा डाग! हा अगदी खरा."

मास्तर पुढे सरकताच विल्मानं पाव मळला आणि नेमका तो डाग खोडून टाकला.

"अगं, तेवढाच तर बरा आला होता!" मी म्हणाले.

"म्हणूनच. बाकीची बोटं लाजत होती." काळी झालेली गोळी तिनं ओठांना लावली आणि तोंडात टाकली.

"शी! कोळसा आहे तो!"

"पाव टाकायचा नसतो. तुझ्याच आईनं शिकवलंय."

ते खरं होतं. खाली पडलेला पाव उचलायचा, ओठांना लावायचा आणि खायचा, हे आम्हां दोघींना आईनंच शिकवलं. मी हसले.

शनिवारी भांडी घासताना पाहिलं तर डाग नव्हता. वयानं कातडी पातळ होते, नवी येते, असं मी स्वतःला समजावलं. तीस वर्षांचा डाग दोन दिवसांत जात नाही, हे मी गिऱ्हाइकाला ठणकावून सांगितलं असतं. मंगळवारी विल्मानं कांडी हातात घेतली तेव्हा तिच्या अंगठ्याच्या मुळाशी तपकिरी डाग होता.

"तळताना तेल उडालं," मी न विचारताच ती म्हणाली.

तेलानं भाजलेलं कातडं मी हजार वेळा पाहिलं आहे. तो तेलाचा नव्हता. पण जिवाभावाच्या मैत्रिणीला यावर विचारणार काय? मी माझा कागद सरळ केला आणि कामाला लागले.

सहाव्या आठवड्यापासून चेहरा. हात ताठ करून कांडी समोर धरायची, एक डोळा मिटायचा आणि मापं घ्यायची. विल्मा माझ्यासमोर बसून अशी मापं घेत राहायची. मिटलेल्या डोळ्याचा मला त्रास होत नसे. उघड्या डोळ्याचा होई. नाक नाही, तोंड नाही, ती दोन आठवडे फक्त माझी डावी भुवई काढत होती.

"ती बाजू नको गं," मी म्हणाले. "फोटोतसुद्धा मी ती लपवते."

"तीच तर तू आहेस," विल्मा म्हणाली.

त्या गुरुवारी भुवई पूर्ण झाली. मास्तरांनी सगळ्यांना बोलावून दाखवली. फाटलेल्या कातड्याची किंचित उंच कड, तिच्या दोन्ही बाजूंना वळलेले केस, सगळं जिथल्या तिथे. मग सगळे आपापल्या जागी गेले आणि विल्मानं पाव मळायला घेतला.

"खोडू नकोस," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

तिनं माझ्याकडे पाहिलं. कागदाकडे न बघता, माझ्याकडेच पाहत, गोळी टिपत नेली. कागदावरची भुवई अखंड झाली. तिनं गोळी ओठांना लावली.

"विल्मा, थुंक ते."

"वेडी झालीस का?" तिनं चावून गिळलं. वर पंखा टक् वाजला.

त्या संध्याकाळी मी झोळीवर वाकले. आईचा अंगठा भुवईवरून गेला. थांबला, परत आला. मग उजव्या भुवईवर गेला.

"कोण आहे?"

"एल्सी, आई!" मी तिच्या कानात ओरडले.

"एल्सीला बोलवा," आई म्हणाली आणि तिनं तोंड मिटून घेतलं.

मी आरशासमोर दिवा धरून पाहिलं. रेघेच्या जागी केस होते, बाकीच्या भुवईसारखेच पिकलेले. दोन उपटून पाहिले. मुळापासून आले, दुखलं. फोटोंचा डबा काढला. एकाही फोटोत डावी बाजू दिसत नव्हती. पन्नास वर्षं माझ्याविरुद्धचा पुरावा मीच जमवत होते.

आई शुक्रवारी जेवली नाही. शनिवारीही नाही. चमच्यानं पाणी दिलं तर ते ओघळून मानेवर आलं. रविवारी सकाळी मी औषधाच्या दुकानात सलाइन आणायला गेले. परतले तेव्हा दार उघडं होतं.

विल्मा आईच्या झोळीवर वाकली होती. तिनं नव्यानं कपाळावर येतील असे केस कापले होते आणि ते एका हातानं वर धरले होते. आईचा अंगठा तिच्या डाव्या भुवईवर होता.

"माफ कर हं बाळ," आई म्हणाली. आणि विल्माच्या हातातल्या चमच्यानं मक्याची पेज प्यायली.

दारातून वारा आत आला. आईनं मान वळवली. "कोण आलं गं?"

विल्मानं माझ्याकडे पाहिलं नाही. आईच्या कानाशी तोंड नेऊन ती ओरडली, "विल्मा आलीय, आई!"

"ये गं विल्मा, बस," आई म्हणाली. "एल्सी, तिला थंड काहीतरी दे."

मी तिच्या झिंज्या धरायला हव्या होत्या. आरडाओरडा करून गल्ली गोळा करायला हवी होती. पण आई तीन दिवसांनी जेवत होती. मी सलाइनच्या बाटल्या हातात धरून उभी राहिले आणि वाटी रिकामी होईपर्यंत हलले नाही.

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. चोरानं लुटलं असतं तर चोर म्हणून शिव्या तरी घातल्या असत्या. हिला मी माझ्या ताटातलं दिलं होतं, माझी गणितं उतरवू दिली होती, हिच्या नवऱ्याच्या मयताला रात्रभर हिचा हात धरून बसले होते.

स्वयंपाकघरात मी तिला विचारलं, "का?"

"तुला नाही कळायचं. तुला एकसष्ट वर्षं आई होती."

"मागायची होतीस. मी वाटून घेतली असती."

"वाटून घेतलेलीच होती की," विल्मा म्हणाली. "सोमवारची." मग तिनं पर्समधून आपल्या घराची किल्ली काढून टेबलावर ठेवली. "थोडे दिवस माझ्याकडे झोपायला जा. किती दमलीस बघ." तिच्या आवाजात माया होती. खरी माया. मला सगळ्यांत जास्त चीड त्याचीच आली.

आज मंगळवार. दोन रात्री विल्माच्या घरी झोपून, आता सकाळी सात वाजता, हे सगळं दुकानातल्या जुन्या वहीत लिहून काढते आहे. दुपारी वर्गात स्वतःचा चेहरा काढायचा आहे, आरशात बघून. विल्माही येणार आहे. तिला लाज नाही आणि मला पळायचं नाही. मी भुवई काढणार आणि भुवईवर रेघ काढणार, आरशात दिसो न दिसो. मास्तरांना काय म्हणायचं ते म्हणू देत. रेघ गेली, आईही गेली. पण मी एल्सी आहे हे मला माहीत आहे, आणि जे माहीत आहे ते कुणाला खोडता येत नाही.

*

मंगळवार, संध्याकाळ.

आज वर्गात दोघींत मिळून एक आरसा होता. माझा चेहरा बरा आला. मास्तर मागे येऊन थांबले.

"ही रेघ कसली?"

मी सांगायला तोंड उघडलं, पण ते थांबले नाहीत. "आरशात आहे का ती? नाही ना? बाई, माहीत आहे ते नाही. दिसतं तेवढंच."

त्यांनी पाव मळून रेघ टिपून घेतली. गोळी त्यांच्या बोटांतून निसटून खाली पडली.

शेजारी एल्सी बसली होती. तिनं वाकून गोळी उचलली, ओठांना लावली आणि खाल्ली. पाव टाकायचा नसतो. तिच्या आईनं आम्हां दोघींना तसं शिकवलंय.

वरची पानं आत्ता वाचली. अक्षर माझंच आहे, यात शंका नाही. ती रेघ कसली होती ते मात्र आठवत नाही. वाचून त्या बाईची कीव आली.

घराच्या दाराचं कुलूप अडतं, तेल घालायला हवं. सोमवारी एल्सीकडे जेवायला जायचं आहे. तिची आई इतकी थकली, पण अजून न विचारता माझं ताट मांडायला लावते.