सगुणाबाईचा कोनाडा

पेणच्या वाचनालयात उभा जन्म पुस्तकं देण्याघेण्यात घालवलेल्या कमळाकर गुप्त्यांनी घरमालक होण्याचं शास्त्रही पुस्तकातूनच शिकून घेतलं. शास्त्र सोपं होतं. जुनी खोली स्वस्तात घ्यायची, डागडुजी करून चांगल्या भाड्याने द्यायची. मग बँकेकडून तिची नव्याने किंमत ठरवून घ्यायची, वाढीव कर्ज उचलायचं आणि त्यातून दुसरी घ्यायची. फक्त, खोलीत आधीपासून एखादी म्हातारी राहत असेल तर तिच्याशी काय बोलायचं, हे त्या पुस्तकात कुठेच नव्हतं.

रोह्याजवळ वरसे गावात त्यांनी घेतलेल्या खोलीत सगुणाबाई राहत होती. तिचा नवरा नाथा मिठागरातलं काम सुटल्यावर तिला घेऊन इकडे आला, आणि एका पावसाळ्यात कामाला म्हणून बाहेर पडला तो परतलाच नाही. तेव्हापासून खिडकीसमोरच्या कोनाड्यात ती रोज दिवेलागणीला करंजेलाची पणती लावायची.

"अंधारात घर वळखू आलं पायजे ना त्यांना," ती म्हणायची.

"खोली सोडा" एवढंच गुप्त्यांना सांगायचं होतं. आठवडाभर त्यांनी ते मनात घोकलं. प्रत्यक्ष तिच्यासमोर उभे राहिले तेव्हा तोंडून निघालं, "दुरुस्ती होईपर्यंतच हो. मग या परत."

"व्हय भाऊ. तोवर माझा दिवा तेवढा चुकवू नका."

"नाही चुकवणार."

नाही म्हणायला ज्यांची जीभ रेटत नसे, त्या गुप्त्यांना खोटं मात्र सहज जमून गेलं.

कासूला दिलेली लेक, पुतळी, येऊन आईला घेऊन गेली. काळुराम गवंड्याने कोनाडा खरवडला, तेलकटावर गिलावा धरत नाही म्हणून घासून धुतला, विटांनी बुजवला आणि वर गुळगुळीत गिलावा केला. गुप्ते शेजारीच उभे होते. नजर खिडकीबाहेर.

कंपनीत शिफ्टला जाणारी दोन पोरं भाडेकरू म्हणून आली. थंडीचे दिवस होते.

"काका, भिंतीत हिटर बसवलात होय?" त्यांच्यातला विठू म्हणाला. "संध्याकाळी पाठ टेकली की झकास वाटतं. भाड्यातच ना?"

गुप्तेही हसले. पुढच्या खेपेला गेले तेव्हा विठू हसत नव्हता. त्याने खाट दुसऱ्या भिंतीला नेली होती.

"काय झालं रे?"

"काय नाय काका. वास येतो."

बँकेतर्फे किंमत ठरवायला आलेल्या माणसाने त्या भिंतीवर तळवा ठेवला आणि चटकन काढून घेतला. नव्या रंगावर एक काळपट पट्टा उठला होता. खाली रुंद, वर निमुळता.

"आत वायर जळतेय. हे उघडून नीट करा. तोवर मला काही लिहिता येणार नाही."

त्या भिंतीत वायर नव्हतीच. पण नागोठण्याच्या दुसऱ्या घराचा विसार गुप्त्यांनी देऊन टाकला होता. निवृत्तीची सगळी पुंजी त्यात होती. कर्ज अडलं तर ती बुडणार होती.

हल्ली दिवेलागणीला पुस्तक घेऊन बसलं की त्यांचा डोळा लागायचा. अगदी गाढ. जाग यायची ती बायकोच्या, मालूच्या आवाजाने.

"सदऱ्याला करंजेलाचा वास कसला हो?" एका संध्याकाळी तिने विचारलं. "आणि बोट कुठे भाजलंत?"

उजव्या तर्जनीच्या टोकाला फोड आला होता.

"चहाचं भांडं लागलं असेल."

"चहा तर मी करते या घरात."

काळुरामने भिंत फोडली. पहिली वीट निघाली तसा वास खोलीभर झाला. त्याने आत हात घातला. बाहेर काढला तेव्हा बोटं काळी होती, आणि त्यावर तेल चमकत होतं.

"ही काजळी ताजी हाय, मालक."

"जुनीच राहिली असेल."

"मी धुवून काढलेला. तुमच्या देखत." त्याने थापी पिशवीत टाकली. "आता मी हे बुजवायचा नाय. ती म्हातारी जिती हाय ना? तिला इचारा."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने गुप्ते कासूला निघाले. पेणपासून त्यांनी दोनच वाक्यं घोकली. दिवा मी लावला नाही. खोली मी दुसऱ्यांना दिली.

सगुणाबाई ओटीवर वाल निवडत होती. डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. ती बोटांनीच निवडत होती.

"आये, मालक आलेत गो," पुतळी म्हणाली.

"या भाऊ, या! तुमचं नाव घेतल्याबिगर घास गिळत नाय मी."

"सगुणाबाई, मला सांगायचंय, तो दिवा—"

"सांगायचं काय त्यात? रोज लावताय. एक दीस चुकला नाय."

पुतळी ओशाळली. "तिचं असंच चाललंय. बा सपनात येतो म्हणते."

"सपनात नाय गो! परवा आले. दिवा दिसला म्हनून वळलो, म्हनाले. मालक स्वता वात सारीत व्हते म्हनाले. हाक मारली, तर बघितलं नाय."

वाक्य गुप्त्यांच्या ओठांवर होतं.

"मग मी कवा येऊ, भाऊ? एकटेच हायत ते तिथं."

"लवकरच," गुप्ते म्हणाले.

म्हातारीचा चेहरा उजळला. "पुतळे, जरा खोबरेल आण गो." तिने हात पुढे केला आणि हवेत चाचपडला. "हात द्या भाऊ तुमचा. वात सारताना बोट भाजलंय. ते सांगत व्हते."

"छे, काही झालेलं नाही."

गुप्त्यांनी उजवा हात पाठीमागे नेला. मूठ घट्ट आवळली.

ऊन ओटीवरून उतरलं होतं. शेजारच्या घरात कुणीतरी दिवा लावला. मुठीतली तर्जनी हळूहळू तापू लागली.