दुसरा नमुना

तो पहिल्यांदा आला तेव्हा मी मागच्या अंगणात, विहिरीच्या कठड्यावर बसून नखांचा रंग वाळवत होते. दहाही बोटं पसरलेली, त्यामुळे फाटकाची कडी त्यालाच बाहेरून हात घालून काढावी लागली.

आमचा पेट्रोलपंप बंद होऊन बारा वर्षं झाली होती. जमिनीखालच्या तिन्ही टाक्या कधीच उपसून नेल्या होत्या. उरला होता नुसता सिमेंटचा ओटा. आता सरकारी खात्याला शंका आली की टाक्या तेव्हा गळत असाव्यात आणि पेट्रोल मातीतून उतरून विहिरीत मिसळलं असावं. विहीर आमची, पण गल्लीतली सहा घरं तिचं पाणी प्यायची. बाबा सगळ्यांना सांगत, माझी टाकी थेंबभरही गळली नाही. त्या एका शब्दावर त्यांची मान ताठ होती.

तपासायला आलेल्या या माणसाकडे चिमुकल्या बाटल्यांचा खोका होता, म्हणून आईने त्याचं नाव ठेवलं बाटलीवाले. त्याचा जोडीदार त्या दिवशी आला नव्हता. बाटल्या धरायचं काम माझ्याकडे आलं. बाटली काठोकाठ भरायची, झाकण लावून उलटी करायची, टिचकी मारायची. आत बुडबुडा दिसला तर पाणी फेकून द्यायचं. आम्ही दोघं एकाच बाटलीवर वाकून बुडबुडा शोधत होतो... नसलेली गोष्ट शोधायला केवढा वेळ लागतो, ते मला तेव्हा कळलं.

मग त्याने वही काढली. आसपास कसला वास येतो, तेही लिहावं लागतं म्हणे.

"काय लिहिलंत?"

"नखांचा रंग. गुलाबी."

"गुलाबीला वास असतो का?"

"नसतो. तरी... राहू दे."

अहवाल वाईट आला. तो सांगायला आला तेव्हा बाबा ओट्यावर बसले ते उठेचनात. त्याने वही चाळली, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला की नमुना घेताना हिच्या नखांचा रंग ओला होता, कदाचित त्याने घोटाळा केला असेल. दुसरा नमुना घेऊ. तोवर पाणी मात्र कुणी पिऊ नका.

शेवटचं वाक्य बाबांनी ऐकलंच नाही. चपला घालून ते सहाही घरी जाऊन आले. पाणी चांगलं आहे, आमच्या पोरीच्या नटण्यापायी सगळा गोंधळ झाला! समोरच्या काकू मला बघून म्हणाल्या, "अगं, एवढ्याशा नखाने अख्खी विहीर नासवलीस होय?" मीही हसले. चूक माझीच निघू दे, असं आयुष्यात तेवढंच एकदा वाटलं.

दुसऱ्या खेपेला मी साबण लावला नाही, केसांना तेल नाही, तोंडाला पावडर नाही. नखं खरवडून काढली. आरशात पाहिलं तर आजारातून उठल्यासारखी दिसत होते. आभाळ भरून भुरभुर चालली होती. त्याने छत्री धरली ती बाटल्यांवर. आमचे खांदे भिजत राहिले.

"आज काय लिहिणार?"

"आज... कसलाच वास नाही," तो म्हणाला, आणि वही मिटूनही तसाच जवळ उभा राहिला.

दुसरा अहवालही तोच आला. आकडाही जवळजवळ तोच.

बाबांनी पुन्हा चपला घातल्या, आता पाणी पिऊ नका हे सांगायला. या वेळी मी सोबत गेले. काकूंनी मधल्या पंधरा दिवसांत नातवाच्या दुधातही तेच पाणी घातलं होतं. त्यांनी दार हळूच लावून घेतलं.

परत आलो तर तो भुरभुर पावसात फाटकाशी उभा होता. बाबा त्याच्याकडे न बघता आत गेले. मी विचारलं, नखांच्या रंगामुळे घोटाळा झाला असेल, असं तुम्हीच म्हणाला होतात ना?

"तसं होत नाही," तो म्हणाला. "पाण्यात बेंझिन होतं. ते पेट्रोलचं. तुमच्या रंगातून येत नाही. मला पहिल्याच अहवालात कळलं होतं."

"मग?"

"मला... तुमच्याकडे परत यायचं होतं."

पंधरा दिवस मी याच वाक्याची वाट पाहत होते. त्यानेही ते मला हवं तसंच म्हटलं – हळू, खाली बघत. त्याच्या पाठीमागे काकूंची खिडकी बंद होती.

"मग नुसतं यायचं होतंत," मी म्हणाले.

त्याने वळून गल्लीकडे पाहिलं. मग त्याने विचारलं, ती सहा घरं कोणती? मी दाखवली. एकेका दारात तो ओल्या डोक्याने उभा राहत होता, बोलत होता. काय बोलला ते लांबून ऐकू आलं नाही. पण दुसऱ्या दिवशी काकू आल्या आणि ओट्यावर बाबांच्या शेजारी बसून राहिल्या, त्यावरून कळलं.

सहाव्या दारातून परतताना त्याने आमच्या घराकडे एकदा पाहिलं. मी बोलावेन म्हणून थांबला असावा. मी बोलावलं नाही. महिनाभरात आम्ही ते घर सोडलं.

आता माझ्या नातीही लग्नाच्या झाल्या. त्या दिवशी हाक मारायला हवी होती की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.