पाव्हणा जिंकत का नाही?

मिरजेत, तंबोऱ्याच्या कारखान्याच्या माडीवर बसून शमीम दुपारपासून एक युद्ध हरायचा प्रयत्न करत होती, आणि समोरचा काही केल्या जिंकत नव्हता.

समोरचा माणूस नव्हता. शार्दूलने ‘घाटमाथा’ नावाचा संगणकावरचा खेळ रचला होता. आळीपाळीने चाली खेळायच्या, घाट अडवायचे, शत्रूची राजधानी घ्यायची. एकट्या खेळणाऱ्याला जोडीदार हवा म्हणून त्याने एक कृत्रिम खेळाडू घडवला होता. स्वतःशीच लाखो डाव खेळून तो तरबेज झाला होता. दोघं त्याला पाव्हणा म्हणत. खेळाचं संगीत शमीमचं होतं.

“आपा, राजधानी उघडी टाकलीय तुम्ही. घे की लेका आता!” शार्दूल पडद्यावर खेकसला.

पाव्हण्याने घोडदळ राजधानीच्या वेशीवरून मागे घेतलं आणि खिंडीत नेऊन उभं केलं.

शार्दूलने कपाळाला हात लावला. नोकरीवर पाणी सोडून तो यात उतरला होता. खेळ उद्या विक्रीला जायचा होता, आणि जिंकायलाच तयार नसलेला प्रतिस्पर्धी कोण विकत घेणार?

घोळाचं मूळ शमीमच्या हट्टात होतं. चाल कधीही ठरवा, पटावर ती समेवरच, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवरच पडली पाहिजे, असं तिने बजावलं होतं. बेताल युद्ध तिच्या कानांना सोसवत नव्हतं. त्यासाठी पाव्हण्याला नुसती मात्रा कळवली असती तरी भागलं असतं, पण घाईत शार्दूलने आख्खं संगीतच त्याच्या मेंदूला जोडून टाकलं.

“तेच आता तोडतो,” शार्दूल म्हणाला. “जिंकला तरच त्याला गुण मिळतात, गाण्याचा एकही नाही. तरी कशात अडकलाय कुणास ठाऊक. बहिरा केला की सुतासारखा सरळ येईल.”

“थांब. आधी नुसता आवाज बंद करून बघू.”

संगीत थांबलं. पुढच्याच चालीला राजधानी पडली. संगीत लावून नवा डाव मांडला, तर पाव्हणा पुन्हा खिंडीकडे.

“खिंडीत सैन्यं भिडली की माझा अंतरा लागतो,” शमीम सावकाश म्हणाली. “हा अंतरा ऐकायला जातोय रे तिथं.”

“मग ऐकून झाल्यावर तरी जिंकावं की!”

तिने तो अंतरा पुन्हा लावला. सूर वर चढले, उतरले आणि अलगद पहिल्या सुराला जाऊन मिळाले. खेळणारा किती वेळ विचार करत बसेल याचा नेम नसतो, म्हणून असं संगीत गोल शिवलेलं असतं. त्याला शेवटच नसतो. ती शिवण कुठे दिसत नाही याचा तिला केवढा अभिमान होता!

“आमच्यात चीज संपल्याशिवाय बैठकीतून कुणी उठत नाही,” ती म्हणाली. “ह्याला मी संपलेली ऐकवलीच नाही. उठणार कसा?”

“आपा, यंत्र आहे ते.”

“मग बघूच.”

तिने सतार मांडीवर घेतली आणि एक तिहाई वाजवली. एकच तुकडा तीनदा वाजवायचा आणि शेवटचा ठोका नेमका समेवर आणायचा, ती तिहाई. खेळात ती कुठेच नव्हती, पाव्हण्याने ती जन्मात ऐकली नव्हती. शार्दूलने कुरकुरत ती अंतऱ्याच्या शेवटी बसवली.

नवा डाव सुरू झाला. सैन्यं खिंडीत भिडली, अंतरा लागला, ओसरला. तुकडा एकदा वाजला. दुसऱ्यांदा वाजत असतानाच पडद्याच्या कोपऱ्यात हिरवा दिवा लागला. पाव्हण्याची चाल ठरली होती. तिसऱ्यांदा वाजला, ठोका समेवर आला आणि त्याच क्षणी घोडदळ राजधानीत शिरलं.

“वाह!” शमीमच्या तोंडून निघून गेलं. तिच्या अंगावर सरसरून काटा आला होता. शेवट कुठे येणार हे त्याने आधीच ओळखलं होतं. ते त्याला कुणीही शिकवलेलं नव्हतं.

“जिंकला! आपा, जिंकला!” शार्दूल खुर्चीतून उडालाच. “आता तोडायला नको काही. चला, बंद करून पाठवून देतो.”

त्याने हात पुढे केला, तशी शमीमने त्याचं मनगट घट्ट धरलं. पाव्हण्याने नवा डाव मांडला होता आणि खालच्या पट्टीत संगीत नुकतंच सुरू झालं होतं.

“शार्दूल,” तिने हलक्या आवाजात विचारलं, “आजवर आपण ह्याला किती वेळा मधेच बंद केलं असेल रे?”