टोकाचं घर अजून कोरडं आहे

माझ्या नातीने, सुप्रियाने, मला हे पेज दाखवलं. इथल्या गोष्टी मी वाचते. पांढरी साडी, उलटे पाय, सुनसान घाट. करमणूक म्हणून ठीक आहे.

मी लिहिते आहे ते मात्र घडलेलं आहे.

गेल्या कार्तिकात, तुळशीच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी. चाकणच्या वरच्या अंगाला. भर समारंभात, माइक चालू असताना. मांडवभर माणसं होती तिथे. त्यांना विचारलंत तर एकही जण कबूल करणार नाही. त्या मांडवातल्या लोकांकडून माझी दुसरी अपेक्षाही नाही.

आधी जागा सांगते.

तिथे ओढ्यावर एक जुना दगडी बांध आहे. त्या बांधातून पाट निघायचा. आज जिथे कंपन्यांच्या भिंती आणि ट्रकांच्या रांगा आहेत, तिथे तेव्हा हरभरा आणि कांदा होता. पाट सगळ्यांच्या शेतांतून वळसे घेत शेवटी आमच्या वस्तीला यायचा. तिला टोकाची वस्ती म्हणत. आणि टोकाच्या वस्तीतलं शेवटचं घर आमचं.

पाण्याचा एक रिवाज होता.

दिवाळीनंतर पहिलं पाणी सुटायचं ते आधी टोकाला जायचं. वाटेतल्या शेतांची दारं मातीने बंद. कितीही मोठा बागाईतदार असो, त्याने थांबायचं. पाटकरी आबाजी पाण्याच्या पुढे चालत यायचे. कोरड्या पाटातून, अनवाणी, खोरं ओढत. पाटात कोणी गुरं घेऊन बसलेलं असेल, पोरं खेळत असतील, त्यांनी उठावं म्हणून चार पावलांवर खोरं दगडावर आपटायचे.

खर्र... ठक.

खर्र... ठक.

तो आवाज ऐकला की माझ्या सासूबाई हातातलं काम टाकून पाटाशी जायच्या. पाणी आलं की त्यात हात बुडवायच्या. आबाजी विचारायचे, "पोचलं का, वहिनी?" सासूबाई म्हणायच्या, "पोचलं." तेवढं ऐकून आबाजी माघारी वळायचे आणि वर जाताना एकेक दार उघडत जायचे. मग बाकीच्यांना पाणी.

शेवटच्या घरातल्या बाईने 'पोचलं' म्हटल्याशिवाय वर कोणाचंही शेत भिजत नसे.

आणि पाणी नाहीच आलं तर? सासूबाई म्हणायच्या, "अजून न्हाई." की आबाजी खोरं उचलून पाण्याचा माग काढत वर जायचे. ज्याने मधेच दार फोडून पाणी वळवलं असेल, त्याच्या दारात उभे राहायचे. भांडायचे नाहीत. नुसतं खोरं आपटत राहायचे, तो माणूस उठून दार बुजवेपर्यंत.

सासूबाई गेल्यावर ते उत्तर माझ्याकडे आलं. आबाजी मला विचारायचे, "पोचलं का, सूनबाई?"

आबाजी म्हातारपणी घरच्या खाटेवर गेले. ना बुडून मेले, ना त्यांना कोणी मारलं. भूत होण्याजोगं त्यांच्या बाबतीत काहीच घडलं नव्हतं. म्हणूनच पुढचं मला अजून उमगत नाही.

मग कंपन्या आल्या. पाटात आधी राडारोडा पडला, मग त्यावर रस्ता झाला. पाट होता तोवर आमच्या विहिरी शिमग्यानंतरही हातभर दोराने शेंदता यायच्या. तो बुजला आणि विहिरी आटल्या. उलट पावसाळ्यात डोंगराचं पाणी वाहून न्यायला वाटच उरली नाही. आता त्याच रस्त्यावर दरवर्षी गाड्या बुडतात आणि दरवर्षी शिकलेली माणसं आश्चर्य करतात.

मी मुलाकडे रावेतला राहायला आले. फ्लॅट बराच वर आहे. माझी जाऊ सोजराबाई मात्र टोकाच्या वस्तीतच राहिली. टँकरच्या पाण्यावर.

गेल्या वर्षी एक तरुण मला भेटायला आला. सिद्धेश त्याचं नाव. पाट पुन्हा जिवंत करायचा होता म्हणे. त्याने मला लॅपटॉपवर चित्रं दाखवली. निळंशार पाणी, दिवे, बाकं, बाकांवर गोरी माणसं.

"आणि टोकाला?" मी विचारलं.

"ते फेज टू, आजी."

"पाणी टोकापासून द्यायची रीत आहे."

"हो, ती कन्सेप्ट आम्हाला खूप आवडली. पण निधी टप्प्याटप्प्याने येतो. सरकारचा थोडा, कंपन्यांचा थोडा. कंपन्यांना बोर्ड लोकांना दिसेल असा हवा असतो. टोकाला कोण बघणार?"

"सोजराबाई बघेल."

तो हसला. त्याला वाटलं, मी विनोद केला.

टोकापर्यंतची राडारोड्याची वाट मोकळी करायला पैसे नव्हते. बांधातला गाळ काढायला पैसे नव्हते. दिव्यांना होते. सोसायट्यांच्या समोरचा जेमतेम तुकडा त्यांनी खणला, त्याला तळापासून फरशी बसवली आणि जिथे पैसे संपले तिथे आडवी भिंत घातली. भिंतीवर मोर काढला.

याला पाटाचा जीर्णोद्धार म्हणतात.

समारंभाला मला गाडी पाठवून नेलं. सोजराबाईलाही आणलं होतं. आम्हा दोघींना नऊवारी नेसून यायला सांगितलं होतं. सोजराबाई रोज नऊवारीच नेसते, तिला त्यात काय सांगायचं ते कळेना.

"आक्का, इथं मला कशापाई बशिवलंय?" ती माझ्या कानाशी म्हणाली.

"शोभेला."

"मंग त्यो मोर हाय की."

पुढारी होते अण्णासाहेब. त्यांनी भाषणात वारसा हा शब्द इतक्यांदा वापरला की शेवटी त्यांचीच जीभ अडखळली. मग सिद्धेश माझ्याकडे आला. योजना अशी होती की मोटारीने उपसून आणलेलं पाणी सुटेल, मी त्यात हात बुडवायचा आणि माइकवर 'पोचलं' म्हणायचं. ड्रोन वरून चित्र घेणार.

"पाण्याच्या पुढे कोण चालणार?" मी विचारलं.

"सेन्सर आहेत, आजी."

सूर्य कंपन्यांच्या पत्र्यांमागे गेला होता. मोटार सुरू झाली.

आणि पाण्याच्या आधी आवाज आला...

खर्र... ठक.

रस्त्याखालच्या मोरीतून.

सोजराबाईने माझा हात धरला.

खर्र... ठक.

लोक टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, पंप.

मी खाली पाटात बघत होते. नवीकोरी, कोरडी, पांढरी फरशी. मोरीच्या तोंडाशी फरशीवर एक ओला डाग उमटला. मग त्याच्या पुढे दुसरा...

पायाचे ठसे होते. अनवाणी. रुंद.

पाणी अजून मोरीतून बाहेरही आलं नव्हतं. ठसे मात्र आमच्या समोरून पुढे गेले. एकामागून एक. मोराच्या भिंतीपर्यंत. तिथे दोन ठसे शेजारी शेजारी उमटले. बोटं भिंतीकडे.

आवाज थांबला.

जो चालत आला होता तो भिंतीपाशी उभा होता. वाट शोधत.

मागून पाणी आलं. पण ते ठसे पुसले गेले नाहीत. पाण्याखालीही ते तसेच गडद दिसत होते.

"आजी, आता," सिद्धेश कुजबुजला. त्याचंही लक्ष खाली होतं.

मी माइक बाजूला सारला. "नाही पोचलं," मी त्याला म्हटलं. "मी म्हणणार नाही."

अण्णासाहेबांनी माइक उचलला. "आजी लाजल्या," ते हसत म्हणाले. "त्यांच्या वतीने मीच म्हणतो. पोचलं."

टाळ्या.

भिंतीशी असलेले ठसे वळले.

मी पाहिलं. सोजराबाईने पाहिलं. सिद्धेशनेही पाहिलं, देवाशपथ. बोटं आता भिंतीकडे नव्हती... मांडवाकडे होती.

दुसऱ्या दिवशी पाट कोरडा पडला. थेंब नाही. फरशी गळकी होती म्हणाले. असेलही. काम तसंच झालं होतं. पुन्हा पाणी भरलं, पुन्हा एका दिवसात गेलं. शेवटी त्यांनी नुसतेच दिवे चालू ठेवले.

अण्णासाहेबांना काही झालं नाही. असल्या माणसांना काही होत नाही, असं तेव्हा मला वाटत होतं.

झालं ते सोजराबाईला. पाणी पोचल्याची बातमी फोटोसकट छापून आली. त्या आठवड्यात टोकाच्या वस्तीचा टँकर बंद झाला. टँकरवाल्याला वरून सांगण्यात आलं की त्या पाटावर आता टँकर लागत नाही.

सोजराबाईचा फोन आला. "आक्का, पोचलं म्हनं पानी. कुटं पोचलं? माझ्या माठात तर तळ दिसतोय."

ती कंपनीच्या गेटवरून कळशी आणत होती. ह्या वयात. सुप्रिया ऑफिसातून अर्ज करत राहिली, मी फोन करत राहिले. अण्णासाहेबांचा माणूस दर वेळी म्हणायचा, साहेब मीटिंगमध्ये आहेत.

मग एका संध्याकाळी, दिवेलागणीला...

मी देवाजवळ वात लावत होते. घरात मी एकटी. खालून, जिन्यातून आवाज आला.

खर्र... ठक.

आमच्या इमारतीला दोन लिफ्ट आहेत. जिन्याने कोणी येत नाही.

खर्र... ठक.

एकेक मजला. घाई नाही. दर मजल्यावर थोडं थांबून. पाटकरी मोरीशी थांबून आत कोणी आहे का बघायचा, अगदी तसं.

आमच्या दाराशी आवाज थांबला.

बेल वाजली नाही. दाराखालच्या फटीतून ओल आत आली. ओल्या मातीचा वास. नांगरटीनंतर पहिलं पाणी फिरतं तेव्हाचा. तो वास मी कित्येक वर्षांत घेतला नव्हता.



"पोचलं का, सूनबाई?"

मला सूनबाई म्हणणारं आता या जगात कोणी उरलेलं नाही.

माझ्या तोंडातून शब्द फुटेना. मग आवाज उतरत गेला.

दारापुढे पाणी पाहून वॉचमन म्हणाला, कुणाचा तरी एसी गळत असेल. कार्तिक संपून थंडी पडली होती. कुणाचा एसी चालू असेल?

दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा. तिसऱ्यालाही. मी गप्प. भीतीने, आणि मोहानेही, खोटं कशाला सांगू. 'पोचलं' एवढा एक शब्द म्हटला असता तर ते निवांत झाले असते. मीही सुटले असते. पण तो शब्द गेला की पाटकरी टोकाकडे पाठ फिरवतो. मग सोजराबाईला विचारणारं कोण राहिलं? जिवंत माणसांनी तर केव्हाच तोंड फिरवलं होतं.

त्यानंतरच्या संध्याकाळी सुप्रिया लवकर घरी आली होती. कानात ती बिनवायरची बोंडं घालून फोनवर काहीतरी बघत होती. आवाज आला तसं तिने एक बोंड काढलं.

"आजी, बाहेर कोणीतरी आहे. पार्सल पोचलं का विचारतायत." ती दाराकडे तोंड करून म्हणायला लागली, "हो, पो..."

मी तिच्या तोंडावर हात दाबला. म्हातारीच्या हातात एवढा जोर असतो हे तिला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

बाहेर खोरं ठकदिशी थांबलं. ऐकत होतं.

तेव्हा मी उठले. दार उघडलं नाही, तेवढं धाडस माझ्यात नाही. दाराला कपाळ टेकलं आणि सासूबाई म्हणायच्या तसं म्हटलं.

"अजून न्हाई, आबाजी."



मग खोरं उचलल्याचा आवाज. खांद्यावर टाकताना लोखंड दांड्यावर वाजतं, तसा. आणि पावलं जिन्याने खाली... झपाझपा.

पुढचे काही दिवस काहीच नाही. मग दिवेलागणीलाच फोन वाजला.

अण्णासाहेब. स्वतः.

"आजी, बऱ्या आहात ना?" आवाज घोगरा होता. भाषणातला खणखणीतपणा कुठेच नव्हता. "एक विचारायचं होतं. तुमच्या वेळी तो पाटकरी होता... तो नेमकं काय मागायचा हो?"

"पाणी टोकाला सोडा," मी म्हटलं.

"अहो, निधीच नाही. मंजुरी लागते, कंपन्या हात वर करतात. मी एकटा काय करणार, सांगा."

"दिव्यांना होता की निधी."

 आणि तेवढ्यात, त्यांच्या बाजूने, अगदी फोनजवळ...

खर्र... ठक.

"आजी," ते हळूच म्हणाले, "याला परत बोलवा."

"मी पाठवलेलं नाही. तुम्हीच 'पोचलं' म्हणालात. तो कुठे पोचलं ते बघायला आलाय."

मी फोन ठेवला. मला त्यांची कीव आली नाही. यायला हवी होती का, मला माहीत नाही.

टोकाच्या वस्तीचा टँकर पुन्हा सुरू झाला आहे. सोजराबाई म्हणते, आता तो न चुकता येतो आणि ड्रायव्हर मागं-पुढं बघत घाईघाईने पाइप सोडतो. पाट मात्र अजून भिंतीपाशीच अडलेला आहे. पुढच्या टप्प्याची मोजणी झाली म्हणतात. मोजणी काय, कितीदाही होते.

सिद्धेशने नोकरी सोडली. जाण्याआधी त्याने एकदा फोन केला होता. "आजी, तो पंपाचाच आवाज होता ना?"

"तुला काय वाटतं?" मी विचारलं. त्याने फोन कापला.

माझ्या दाराशी सध्या शांतता आहे. पण मी ती पद्धत ओळखते. पाण्याचा माग काढून झाला की पाटकरी शेवटी टोकाच्या घरच्या बाईकडेच परत येतो, ती कुठेही राहो. विचारायला. त्या दिवशी मी नसले तर?

सुप्रियाला मी उत्तर शिकवून ठेवलं आहे. पाणी खरंच आलं तर काय म्हणायचं आणि नाही आलं तर काय. ती हसते. म्हणते, आजी, तू पण ना.

पण दिवेलागणीला हल्ली ती कानातली बोंडं काढून ठेवते.