गुडघ्यापाशी धरलेली ज्योत

सहामाही परीक्षा संपली आणि दुसऱ्याच दिवशी मी बाबांबरोबर त्या गावाला गेले. त्यांची बॅग धरायला, असं सगळ्यांना सांगितलं होतं. बॅग बाबांनीच धरली होती. मी धरला होता त्यांचा हात, आणि त्याला कारण होतं.

बाबा वाइन पारखतात. पेल्यात नाक घालून ते सांगायचे, द्राक्षं टेकडीच्या कुठल्या बाजूची आहेत, पिंप किती जुनं आहे, ठेवली तर ही वाइन सुधारेल की आंबेल. आई म्हणायची, "आपल्या घरात कमावतं माणूस एकच. ह्यांचं नाक." मग गेल्या हिवाळ्यात बाबांना ताप आला. ताप उतरला तो वास घेऊनच गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. आठ महिने झाले तरी आला नाही.

हे फक्त आम्हा तिघांना माहीत होतं. माझं नाक बाबांवर गेलंय. बाबा पेला उजेडात धरून रंग बघायचे, मग "जरा धर गं" म्हणून माझ्याकडे द्यायचे आणि वहीत काहीतरी लिहायचे. पेला परत देताना मी त्यांचा तळवा दाबायचे. एकदा म्हणजे फळाचा वास, दोनदा म्हणजे लाकडाचा, तीनदा म्हणजे बिघडलेली. बाकीचं बाबा अनुभवावर रेटून न्यायचे. मी तशीही परक्यांशी बोलत नाही, त्यामुळे माझ्याकडे कोणाचं लक्ष जायचं नाही.

गाव डोंगराला पाठ टेकून बसलं होतं. गल्ल्या दगडी आणि इतक्या अरुंद, की हात पसरले तर दोन्ही भिंतींना बोटं लागत. घरांच्या वर द्राक्षवेलींच्या रांगा, तोडणी होऊन रिकाम्या झालेल्या, आणि त्यांच्या वर नुसता डोंगर. त्याचं टोक बघायला मान इतकी मागे न्यावी लागे की टोपी पडेल. मी रस्त्यातच थांबले. इतकी मोठी वस्तू इतकी गप्प उभी असलेली मी कधी पाहिली नव्हती. सगळ्या गावाला पिंपांत फसफसणाऱ्या रसाचा वास येत होता, भिजवलेल्या पिठाचा आणि ठेचलेल्या फळांचा.

आणि प्रत्येक दाराच्या उजव्या बाजूला, दगडी चौकटीत, एक कोनाडा होता. तळहाताएवढा, आतून काजळीने काळा. चमत्कारिक एवढंच, की तो जमिनीपासून जेमतेम गुडघ्याइतका वर होता. एका गल्लीत मी तेवीस मोजले.

आम्हाला बोलावलं होतं त्या वाइनच्या कारखान्याच्या मालकीणबाई साठीच्या होत्या. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आवाज असा की घोडासुद्धा थांबेल. त्यांनी आम्हाला स्वयंपाकघरातच बसवलं. त्या काहीतरी आणायला दुसऱ्या खोलीत गेल्या, तेवढ्यात शेगडीवरचं दूध उतू जाऊन करपलं आणि त्या वासाने त्या धावत आल्या. बाबा शेगडीशेजारीच उभे राहून छताच्या तुळया बघत होते. मी त्यांचा हात दाबला, पण उशीर झाला होता. मालकीणबाईंनी एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पातेलं मोरीत ठेवलं.

"तर साहेब," त्या म्हणाल्या, "सगळ्यात खालच्या तळघरात अकरा जुनी पिंपं आहेत. त्यातलं एक बिघडलंय असं मला वाटतं, पण कोणतं ते कळत नाही. संध्याकाळी व्यापारी येतोय. बिघडलेलं पिंप त्याच्या गळ्यात पडलं तर माझं नाव जाईल." आणि हसून म्हणाल्या, "तुमचंही जाईल म्हणा."

बाबाही हसले. त्यांचा तळवा घामाने ओला झालेला फक्त मला कळला.

दुपारचे तीन वाजले असतील. तळघराच्या दाराशी मालकीणबाईंनी मेणबत्ती पेटवली आणि हात खाली सोडून ती गुडघ्यापाशी धरली.

"दिवे नाहीत का खाली?" बाबांनी विचारलं.

"आहेत की, पण मी लावत नाही. दिव्याला हवा कळत नाही, ज्योतीला कळते." चालता चालता त्या सांगू लागल्या. "रसाची वाइन होताना तो फसफसतो, तेव्हा त्यातून एक हवा निघते. दिसत नाही. जड असते, पाण्यासारखी जमिनीवर पसरते आणि उताराने खाली जाते. तिच्यात ज्योत विझते. माणूसही. म्हणून मेणबत्ती खाली धरायची. ती विझली की माणसाने मागे फिरायचं. काही पडलं तरी वाकायचं नाही, आणि कोणी पडलं तर त्याच्यामागे जायचं नाही. ओरडायचं फक्त."

मला कोनाड्यांचा अर्थ लागला. प्रत्येक घरातली मेणबत्ती तिथे ठेवलेली असायची, त्याच उंचीवर.

"माझ्या आजेसासूच्या वेळची गोष्ट. एका तोडणीला सात जण गेले. पहिला पडला, त्याला आणायला दुसरा उतरला, दुसऱ्याला आणायला तिसरा... असे सात. मग त्यांच्या बायका मेणबत्त्या घेऊन पायऱ्यांवर उभ्या राहिल्या. तीन दिवस ज्योत टिकेना. चौथ्या दिवशी टिकली, तेव्हा त्या आत गेल्या. तेव्हापासून इथे पुढे बाई चालते."

"पुरुष का नाही?"

"पुरुष पुढे असला की त्याला मागे फिरायची लाज वाटते, साहेब."

बाबा कसनुसं हसले.

तळघर डोंगरात खोदलेलं होतं. छताची कमान, दोन्हीकडे माझ्या दुप्पट उंचीची पिंपं, आणि शांतता अशी की मेणाचा थेंब पडलेला ऐकू यावा. मला भीती वाटली नाही. मोठ्या माणसांच्या सभेत चुकून शिरल्यासारखं वाटलं. "हळू चाल, पोरी," मालकीणबाई म्हणाल्या. "ज्योत कशी माझ्याकडे, मागे झुकते बघ. भराभर चाललं तर विझेल."

दुसऱ्या दालनाच्या टोकाला सात पायऱ्या खाली जात होत्या. तिथे पोहोचतो तोच वरून हाक आली. बाटल्यांचा ट्रक आला होता.

"आलेच. खाली उतरू नका." त्यांनी मेणबत्ती माझ्या हातात दिली. "तू धर. गुडघ्यापाशी."

त्यांच्या किल्ल्यांचा आवाज दूर गेला. बाबांनी लगेच मोबाइलचा टॉर्च लावला.

"चल लवकर. त्या यायच्या आत अकराही पिंपांचा वास घेऊन ठेव."

"बाबा, त्या नको म्हणाल्या..."

"त्यांच्यासमोर अकरा वेळा तुला पेला देऊ का? लक्षात नाही येणार त्यांच्या?"

ते उतरू लागले. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि मला वास आला. खाली जुनी पिंपं, म्हणजे तिथे जुन्या लाकडाचा वास हवा. आला तो भिजवलेल्या पिठाचा, ठेचलेल्या फळांचा. वर फसफसणाऱ्या रसाचा वास, उताराने खाली जाऊन साठलेला. वास खाली गेला होता, म्हणजे त्याच्याबरोबर...

"बाबा," मी म्हणाले. पण कुजबुजले. वर मालकीणबाई होत्या. ओरडले असते तर सगळं फुटलं असतं.

"काय गं?"

"वास येतोय. ताज्या रसाचा."

"वरून येत असेल." पूर्वीच्या बाबांनी वर दारातच सांगितलं असतं, आज खाली जायचं नाही. आत्ताचे बाबा शेवटची पायरी उतरून चालू लागले.

माझ्या हातातली ज्योत आखडली, निळी झाली आणि विझली.

खाली टॉर्चचा उजेड मात्र तसाच होता, पांढरा, ठणठणीत. तो एका पिंपावर हलला, मग निसटून फरशीवर पडला. बाबा तो उचलायला वाकले.

ते उठले नाहीत.

मी वर आणि ते खाली, मध्ये सात पायऱ्या. पाय आपोआप पुढे झाला. दुसऱ्याला आणायला तिसरा, हे आठवलं, आणि मी पाय मागे घेतला. आयुष्यात मी वर्गात हातसुद्धा वर केलेला नाही. तोंड उघडलं तर आधी नुसती हवा आली. मग आवाज आला, आणि तो माझाच होता.

"मालकीणबाई! बाबांना वास येत नाही! बाबा खाली पडलेत! बाबांना वास येत नाही!"

आवाज पिंपापिंपांवर आपटत गेला. खालचा टॉर्च बाबांच्या अंगाखाली दबला आणि पूर्ण काळोख झाला.

मग त्या काळोखात एक ज्योत दिसली.

खाली, जिथे ज्योत जळूच शकत नाही तिथे. तिच्यामागे दुसरी. मग तिसरी. सगळ्या गुडघ्याच्या उंचीवर, एका रांगेत, संथ. मी मोजल्या. सात होत्या. त्यांना धरणारा हात नव्हता, चेहरा नव्हता, पदर किंवा सावलीही नव्हती. फक्त सात पिवळ्या ज्योती आणि त्यांच्या उजेडात चमकणारी ओली फरशी. इतकं सुंदर काही मी पाहिलेलं नाही, हे लिहिताना मला लाज वाटते, पण ते खरं आहे. आणि एक गोष्ट चुकीची होती. त्या चालत होत्या, पण मागे झुकत नव्हत्या. ज्या दिशेने चालल्या होत्या, तिकडेच पुढे झुकल्या होत्या.

त्या बाबांपाशी थांबल्या. बाबांचा खांदा हलला. ते गुडघ्यांवर आले, भिंत धरून उभे राहिले आणि त्यांच्यामागून चालू लागले. बाबा एक पायरी चढले की एक ज्योत विझे. सहा. पाच. चार... शेवटची माझ्यापर्यंत आली. माझ्या गुडघ्याला ऊब लागली. मग तीही गेली, आणि बाबा माझ्या अंगावर कोसळले.

तेवढ्यात मालकीणबाई आल्या. त्यांनी आणि मी बाबांना अंगणापर्यंत ओढत नेलं. डोंगराची सावली एव्हाना छपरांवर उतरली होती. बाबा बराच वेळ खोकत राहिले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बरं झालं, तू पुढे चालत होतीस. मी तुझ्या मेणबत्तीच्या मागे मागे आलो."

माझ्या मुठीतली मेणबत्ती थंड होती. मालकीणबाईंनी तिची वात बोटांनी चाचपली.

"किती होत्या?" त्यांनी मला अगदी हळू विचारलं. त्यांचा तो आवाज मी तेवढ्यापुरताच ऐकला.

मी त्यांचा तळवा धरला आणि सात वेळा दाबला. त्या मोजत राहिल्या.

थोड्या वेळाने बाबा मान खाली घालून म्हणाले, "हिने ओरडून सांगितलं ते खरं आहे."

"दूध करपलं तेव्हाच कळलं होतं मला. तुम्ही स्वतः कधी सांगताय, तेवढंच बघत होते."

व्यापाऱ्याला त्यांनी एक दिवस थांबवलं. रात्रभर पंखे चालवले. सकाळी त्या पुढे, मध्ये मी, मागे बाबा, असे आम्ही उतरलो. मी अकरा पिंपांचा वास सगळ्यांसमोर घेतला आणि तोंडाने सांगितलं, चौथं. ते का बिघडलं, हे बाबांनी सांगितलं. घरी आल्यावर बाबांनी सगळ्यांनाच खरं कळवून टाकलं. काही कामं गेली, काही राहिली. आई म्हणते, "नाक गेलं, पण मान ताठ राहिली."

या गोष्टीला दोन महिने झाले. बाबांना अजून वास येत नाही. चहाचा नाही, साबणाचा नाही, दमट कपड्यांचा नाही. एकच वास परत आलाय. रोज दिवस मावळताना ते वाचता वाचता मान वर करतात आणि विचारतात, "आत्ता कोणी मेणबत्ती विझवली का गं?"

कोणी विझवलेली नसते. मला काहीच वास येत नाही, आणि माझं नाक चुकत नाही. पहिल्यांदा त्यांना तो जिन्यात आला होता. मग आमच्या दारात. गेल्या आठवड्यापासून ते म्हणतात, माझ्या खोलीच्या उंबऱ्यापाशी सगळ्यात जास्त येतो.

म्हणून संध्याकाळी खोलीत जाण्याआधी मी मेणबत्ती पेटवते आणि गुडघ्यापाशी धरते. ती विझत नाही. मी अगदी हळू चालते. खिडकी बंद असते, पंखा बंद असतो.

उंबरा ओलांडताना ज्योत पुढे झुकते.