माझं ‘नाही’ परत द्या

सायकलची घंटी वाजली आणि तिचा हात जागच्या जागी थांबला.

तिचं टेबल कारखान्याच्या दाराशीच होतं. दारात एक तरुण सायकलवरून उतरत होता. खांद्याला पिशवी, पिशवीतून डोकावणारे कागद, आणि ओळख नसतानाही ओळखीचं हसू.

“अहो, ती घंटी... पुन्हा एकदा वाजवा बरं.”

त्याने वाजवली. दाताखाली खडा यावा तसं तिने तोंड केलं.

“आमच्याच कारखान्यातली आहे. महिन्याभरातच घेतलीत ना?”

“हो! पण कसं ओळखलंत?”

“आधी घेतली असतीत, तर ही मुकी तुमच्या वाट्याला आली नसती. मी पुढे जाऊच दिली नसती.”

बोलताना तिची मान आपोआप ताठ झाली, आणि तो तिच्याकडे बघतच राहिला...

सात वर्षं ती या शेवटच्या टेबलावर होती. तयार झालेली प्रत्येक घंटी एकदा वाजवायची. खणखणीत असेल तर खोक्यात, बद्द वाजली तर टोपलीत. तानसेन नाही तर निदान कानसेन, म्हणून सगळे तिला कानसेनच म्हणत. ती वरवर रागवायची. आतून मात्र तिला ते नाव फार आवडायचं. रस्त्यात कुठे घंटी वाजली की ती स्वतःशीच म्हणायची, ही माझ्या हाताखालून गेलीय.

पण महिन्यापूर्वी मॅनेजरसाहेबांनी फर्मान काढलं : टोपलीत दिवसाला दहाच. अकरावी कशीही वाजो, खोक्यात. तेव्हापासून ती घरी आली की आई विचारायची, “फार काम होतं का गं?” काम तेवढंच होतं. त्यातली गोडी गेली होती, आणि रस्त्यात घंटी वाजली की ती मान खाली घालून चालत होती.

तो तरुण आला होता फॉर्म वाटायला. कामगारांचं कामात मन रमतं का, ते शोधून काढायला मालकीणबाईंनी त्याला बोलावलं होतं. दुसऱ्या दिवशी तो तिने भरलेला फॉर्म घेऊन थेट तिच्या टेबलाशी हजर.

“कामावर किती प्रेम आहे, एक ते पाच... तुम्ही सहा लिहिलेत?”

“पाचात मावेना.”

“अहो, सहा चालत नाही!”

“मग खोडा.”

त्याने पेन उघडलं. तिच्याकडे पाहिलं. पेन बंद केलं.

“आणि हे? काय हवं, या प्रश्नाला सगळ्यांनी पंखे लिहिलेत, सुट्ट्या लिहिल्यात. तुम्ही लिहिलंय, ‘माझं “नाही” परत द्या.’”

तिने टोपलीकडे बोट दाखवलं आणि सगळं सांगितलं. मग आठवडाभर तो रोज दुपारी स्टूल ओढून तिच्याशेजारी बसू लागला, म्हणे काम समजून घ्यायला!

“ही चांगली?” तो विचारायचा.

“बद्द.”

“मग ही?”

“ही चांगली. तुमचं लक्ष घंटीकडे आहे का?”

“नाही...” तो प्रामाणिकपणे सांगायचा, आणि तिचे कान — एवढे तयार कान! — लाल व्हायचे.

शनिवारी मालकीणबाईंच्या खोलीत बैठक झाली. त्याने तिलाही बोलावून घेतलं. मॅनेजरसाहेब म्हणाले, “घंटी वाजली की झालं. गिऱ्हाईकाला काय कळतंय?”

“मला कळतंय,” तो म्हणाला. “मी गिऱ्हाईकच आहे.” आणि सायकलवरून काढून आणलेली घंटी त्याने टेबलावर ठेवली. शेजारी तिने पास केलेली एक ठेवली.

बाईंनी डोळे मिटून दोन्ही वाजवल्या. “ही पहिली कुठल्या कारखान्याची?”

“आपलीच, बाई,” ती म्हणाली. “दिवसाला दहाजणींनीच बिघडायचं, हे घंट्यांना कोण सांगणार? मला ‘नाही’ म्हणता येत नसेल, तर माझ्या ‘पास’ म्हणण्याला काय अर्थ आहे?”

बाईंनी ती मुकी घंटी पुन्हा एकदा वाजवून पाहिली. मग म्हणाल्या, “सोमवारपासून... छे, आत्तापासून. टोपली तुझी. मोजायची नाही.”

बाहेर आल्यावर तिने त्याच्या सायकलला स्वतः नवी घंटी बसवली. स्क्रू आवळताना तिला हसू आवरत नव्हतं.

“माझं इथलं काम संपलं,” तो म्हणाला. “एक प्रश्न फॉर्ममध्ये नव्हता... उद्या भेटाल? आणि परवाही... म्हणजे... नेहमीच?”

“बरा मुहूर्त शोधलात! आत्ताच माझं ‘नाही’ मला परत मिळालंय, ठाऊक आहे ना?”

“म्हणून तर आत्ता विचारतोय. तुम्हाला नाही म्हणता येतं, म्हणून तर तुमचं हो हवंय.”

तिने घंटी वाजवली. तो खणखणीत नाद आवारभर फिरून विरला, तरी ती ऐकतच उभी होती.

“पास,” ती म्हणाली.

“घंटी?”

“घंटी मघाशीच पास केली होती.”