नळीतले बुडबुडे

मुलांनो, डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एका गॅरेजात चला. दारातून सकाळचं ऊन आत आलंय. जमिनीवर जुनी चादर, तिच्यावर पाने, चिंध्या, ब्रेक ऑइलची बाटली. मधोमध मोटरसायकल आणि तिच्याभोवती नाचणारी भिंगरी. खरं नाव वेगळं; पण पोरगी एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून भिंगरी.

आत्याने आणि तिने मिळून पुढचा ब्रेक पार सुटा केला होता, नवे रबर घालून पुन्हा जोडला होता. दुपारी दोघी डोंगर उतरून समुद्रावर जाणार होत्या. भिंगरी वर्षभर याचीच वाट पाहत होती. पण बाबांनी बजावलं होतं, "ताई, ब्रेक दगडासारखा लागला तरच पोरगी मागे बसेल."

आणि ब्रेक लागत होता कणकेसारखा!

"आत हवा अडकलीय," आत्या म्हणाली. "ऑइल दाब पुढे पोचवतं, हवा मात्र स्वतःच दबून बसते. आळशी! काढू तिला बाहेर. दाब, धर!"

भिंगरीने हँडलवरची ब्रेकची लिव्हर दाबून धरली. आत्याने चाकाजवळचा छोटा नट सैल केला. नटाला जोडलेल्या पारदर्शक नळीतून एक बुडबुडा बाटलीत उतरला. नट आवळला. "सोड." मग पुन्हा. पुन्हा.

बुडबुडे संपेचनात. आत्याने वॉशर चाचपले, कोरडे; म्हणजे गळती नाही. हँडलवरच्या डबीत ऑइल काठोकाठ. तिने नट सैलच ठेवून नळीवर टिचक्या मारल्या.

"एवढीशी नळी आणि हवा ट्रकच्या टायरची! तू फुंकतेयस की काय गं?"

भिंगरी खुदकन हसली. नळीतून बुडबुड्यांची माळच आली. हसू थांबलं, माळ थांबली.

लिव्हर तर हललीही नव्हती.

भिंगरीने हळूच श्वास सोडला. बुडबुडा. पुन्हा सोडला. बुडबुडा. श्वास रोखला.

नळी स्वच्छ.

तिला टाळ्याच वाजवाव्याशा वाटल्या. सापडलं की!

"आत्या, मी श्वास रोखते, तेवढ्यात नट आवळ!"

"हे कुठलं नवीन शास्त्र?"

"आवळ तर!"

तिने गाल फुगवले, लिव्हर दाबली. आत्याने नट घट्ट केला.

लिव्हर दगड!

बाबांनी ब्रेक धरून गाडी ढकलून पाहिली. जागची हलेना. "जा बाई," ते हसून म्हणाले, "जिंकलात तुम्ही."

"चल, आरसे पुसू," आत्या म्हणाली. तिने एका आरशावर तोंडाची वाफ सोडली, काच धुरकटली, तिने पुसली.

भिंगरीने दुसऱ्या आरशावर 'हाऽऽ' केलं.

काच तशीच लखलखीत.

तिने पुन्हा केलं. मग तोंडासमोर तळहात धरला. श्वास लागलाच नाही. तिची नजर चाकाजवळच्या घट्ट नटाकडे गेली.

"येतेस ना गं?" आत्याने गाडी सुरू केली.

तो नट सैल करायचा पाना चादरीवरच पडला होता. भिंगरीने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग तो उचलून पेटीत टाकला, झाकण लावलं आणि टुणकन मागे बसली.